नागपूरच्या उन्हातील पोर्ट्रेट आणि हाय-स्पीड सिंकचा जमाखर्च

नागपूर हे सुमारे २१ अंश ९ कला उत्तर अक्षांशावर, म्हणजे कर्कवृत्ताच्या थोडेसेच दक्षिणेस वसलेले असल्यामुळे, मे महिन्याच्या अखेरीस, २६ तारखेच्या सुमारास, दुपारी बारा वाजून दहा मिनिटांच्या आसपास येथील सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या खांबाची सावली त्याच्या बुडाशीच लुप्त होते. हाच योग जुलैच्या मध्यास पुन्हा येतो. परंतु तेव्हा आकाश बहुधा मेघाच्छादित असल्याने तो कोणाच्या ध्यानात राहत नाही. खगोलप्रेमी मंडळींना हा दिवस कौतुकाचा वाटतो, छायाचित्रकारास मात्र तो अडचणीचा. कारण खांबाची सावली नाहीशी करणारा तोच सूर्य माणसाच्या चेहऱ्यावर भुवयांची सावली डोळ्यांच्या खोबणीत, नाकाची ओठांवर आणि हनुवटीची गळ्यावर पाडतो. त्यातच विदर्भातील लग्नसराई ऐन भरात असते ती याच दिवसांत, आणि फेट्याच्या कडेखाली व मुंडावळ्यांच्या सरांमागे दडलेले नवरदेवाचे डोळे फोटोत दिसावेत अशी वऱ्हाडी मंडळींची रास्त अपेक्षा असते.

हिवाळ्यात हे चित्र पालटते. डिसेंबरच्या २१-२२ तारखेस भर मध्यान्हीही येथील सूर्य क्षितिजापासून जेमतेम पंचेचाळीस अंश वर चढतो. म्हणजे स्टुडिओत मुख्य दिवा ज्या कोनावर लावण्याचा दस्तूर आहे, त्याच कोनावर तो आपण होऊन येऊन उभा राहतो. प्रकाशाचा कठोरपणा मात्र त्या दिवसांतही फारसा कमी होत नाही, आणि विधिमंडळाच्या हिवाळी अधिवेशनासाठी आलेल्या एखाद्या पुढाऱ्याचा फोटो बाहेरच्या आवारात घ्यावा, तर पांढरी खादी पार फटफटीत आणि टोपीखालचा चेहरा काळवंडलेला, असाच प्रकार पुष्कळदा पाहावयास मिळतो.

ऋतू कोणताही असो, उघड्यावर पोर्ट्रेट काढणाऱ्याच्या दोन मागण्या असतात: मागची गर्दी धूसर होऊन माणूस तेवढा उठून दिसावा, यासाठी लेन्सचे ॲपर्चर मोठे उघडता यावे, आणि छायेत गेलेला चेहरा उजळावा, यासाठी फ्लॅश वापरता यावा. या दोन मागण्यांचे कॅमेऱ्याच्या पडद्यापाशी जे भांडण जुंपते, त्यावरील तोडगा म्हणजे हाय-स्पीड सिंक. हा तोडगा फुकटचा नाही, आणि त्याची किंमत ठाऊक नसल्यामुळेच सूर्यावर मात करण्याच्या उमेदीने महागडा फ्लॅश घेणारे कित्येक हौशी छायाचित्रकार पहिल्याच उन्हाळ्यात निराश होतात. सबब, ही सोय काय देते आणि त्या बदल्यात काय घेते, हे आधी पाहून मग प्रत्यक्ष कृतीकडे वळणे इष्ट.

पडद्याची मर्यादा

लेन्स बदलता येणाऱ्या बहुतेक कॅमेऱ्यांत सेन्सरच्या पुढ्यात दोन पडदे असतात. पहिला सरकून सेन्सर उघडतो आणि दुसरा त्याच्या पाठोपाठ येऊन तो झाकतो. शटरचा वेग साधारणतः १/२०० किंवा १/२५० सेकंद असेतोवर, पहिला पडदा पुरता बाजूस झालेला आहे आणि दुसरा अद्याप निघालेला नाही, असा एक क्षण मिळतो, आणि फ्लॅशचा क्षणिक लखलखाट त्या क्षणी होऊन संपूर्ण चित्रावर पसरतो. वेग याहून वाढविला, की पहिला पडदा टोकास पोहोचण्यापूर्वीच दुसरा निघतो, सेन्सरवरून केवळ एक फट सरकत जाते, आणि फ्लॅशचा उजेड त्या फटीपुरताच पडून उरलेल्या भागाला तो मिळत नाही. साध्या ट्रिगरवर फ्लॅश उडवून १/१००० वर फोटो घेतल्यास चित्राच्या कडेला जो काळा पट्टा दिसतो, त्याचे कारण हेच. ज्या वेगापर्यंत सेन्सर क्षणभर तरी पूर्ण उघडा असतो, त्या वेगास सिंक स्पीड म्हणतात.

हाय-स्पीड सिंकमध्ये फ्लॅश आपली सारी शक्ती एका लखलखाटात न खर्चता, फटीचा प्रवास संपेपर्यंत सेकंदास हजारो वेळा या वेगाने लुकलुकत राहतो, आणि सेन्सरच्या दृष्टीने तो काही काळ चालू ठेवलेल्या दिव्यासारखाच होतो. कल्पना तशी जुनीच. फ्लॅशबल्बच्या जमान्यात अशा पडद्यांसाठी मुद्दाम अधिक काळ जळणारे बल्ब मिळत असत, आणि इलेक्ट्रॉनिक फ्लॅशमध्ये ही युक्ती ऑलिंपसने १९८६ साली आपल्या एफ २८० या फ्लॅशद्वारे आणली. निकॉनच्या कॅमेऱ्यांत हीच सोय ‘ऑटो एफपी’ या नावाने असते. ज्या कॅमेऱ्यांचे शटर लेन्सच्या आतच पाकळ्यांच्या रूपाने बसविलेले असे, त्यांना ही अडचण कधी भासलीच नाही. होमाई व्यारावाला यांच्यासारख्या वृत्तछायाचित्रकारांच्या हाती असलेला रोलीफ्लेक्स याच जातीचा, आणि फ्लॅशसह १/५०० पर्यंत जाण्यास त्याची काही हरकत नसे.

जमा आणि खर्च

स्वच्छ उन्हाचा जुना ठोकताळा असा, की आयएसओ १०० असता एफ/१६ वर १/१०० सेकंद पुरतो. त्याच हिशेबाने एफ/११ वर १/२०० आणि एफ/२.८ वर १/३२०० लागतो. साध्या सिंकची हद्द १/२०० धरली, तर उन्हात फ्लॅश वापरू इच्छिणाऱ्यास एफ/११ च्या अलीकडे येण्याची मुभाच उरत नाही. आणि एफ/११ वर नवरीच्या मागील मांडवाचे खांब, विजेच्या तारा आणि लॉनच्या फाटकाशी लावलेल्या दुचाक्या, हे सारे तिच्या चेहऱ्याइतकेच स्पष्ट उमटते. हाय-स्पीड सिंक चालू केल्याने १/३२०० वर जाता येते, एफ/२.८ वापरता येतो आणि तो सारा पसारा विरघळतो. ही झाली जमेची बाजू.

खर्चाची बाजू अंकांतच पाहिलेली बरी. समजा, हाती असलेल्या फ्लॅशचा गाइड नंबर, म्हणजे ॲपर्चरचा अंक आणि फ्लॅशचा पल्ला यांचा गुणाकार, आयएसओ १०० ला, ज्या झूमवर आपण तो वापरणार त्या झूमवर, मीटरमध्ये ४० आहे. साध्या सिंकमध्ये एफ/११ वर पूर्ण शक्तीने तो उन्हाच्या तोलाचा उजेड सुमारे ३.६ मीटरवरून टाकू शकेल. हाय-स्पीड सिंकमध्ये शिरताच फ्लॅशची सुमारे दोन स्टॉप शक्ती खर्ची पडते (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा किंवा दुप्पट), म्हणजे गाइड नंबर निम्म्यावर, २० वर येतो. पुढे १/२०० पासून १/३२०० पर्यंत वेग चार स्टॉप वाढला, तितका फ्लॅशचा उजेडही कापला जाऊन तो अंक ५ होतो. आणि ५ ला २.८ ने भागले असता हाती राहतात अवघे १.८ मीटर. अंतर बरोबर निम्मे झाले. एकूण प्रकार जकातनाक्यासारखा: नाका ओलांडताना दोन स्टॉपांचा आकार एकदाच भरावा लागतो, पुढे १/८०० वर थांबा की १/४००० पर्यंत जा, ॲपर्चर त्या प्रमाणात उघडत गेल्यास ऊन आणि फ्लॅश यांचे आपसातील प्रमाण बदलत नाही.

यातून दोन गोष्टी निष्पन्न होतात आणि त्या मनात पक्क्या बसविणे अगत्याचे आहे. साध्या सिंकच्या अमलात शटरचा वेग केवळ उन्हावर चालतो आणि फ्लॅशवर त्याचा परिणाम होत नाही, असे आपण शिकलेलो असतो. हाय-स्पीड सिंकमध्ये हा नियम रद्द होतो, आणि वेग एक स्टॉप वाढविताच आभाळ व चेहरा दोन्ही सारखेच अंधारतात. आभाळ तेवढे गडद हवे असेल, तर वेग वाढवून फ्लॅशची शक्तीही तितकीच वाढवावी लागते, किंवा फ्लॅश जवळ आणावा लागतो. दुसरी गोष्ट अशी, की सूर्यास फिका पाडून निळ्याशार आभाळापुढे माणूस उठवायचा असेल आणि पार्श्वभूमीच्या स्पष्टपणाचे वावडे नसेल, तर हाय-स्पीड सिंक बंद ठेवून १/२०० व एफ/१६ वर काम करणेच शहाणपणाचे. त्या कामी ही सोय उपकारक होण्याऐवजी अपकारकच ठरते. तिचे प्रयोजन एकच: उन्हात मोठे ॲपर्चर.

संत्र्याच्या बागेत

आता प्रत्यक्ष मांडणीकडे वळू. काटोल, नरखेड, कळमेश्वर या पट्ट्यातील एखाद्या बागेत, आंबिया बहाराची फळे रंगावर आलेली असताना, नोव्हेंबरअखेरच्या एखाद्या सकाळी अकराच्या सुमारास बागाईतदार बाईंचे पोर्ट्रेट घ्यावयाचे आहे असे धरू. प्रथम जागा ठरवावी. बाईंची पाठ सूर्याकडे करावी, म्हणजे केसांवर आणि खांद्यावर उन्हाची सोनेरी कड येते, चेहरा त्यांच्या स्वतःच्याच सावलीत जातो आणि डोळे बारीक करण्याची पाळी येत नाही. अशा वेळी वाळूच्या किंवा फरशीच्या जमिनीवरून जो उजेड उलट वर येऊन चेहरा उजळतो, तो येथे मिळत नाही; वऱ्हाड-नागपूरची काळी कसदार माती प्रकाश गिळून टाकते, आणि जो थोडाफार प्रकाश पानांवरून परावर्तित होतो तो गालांवर हिरवट झाक आणतो. फ्लॅशचा उजेड दिवसाच्या उजेडाशी रंगाने जवळपास मिळताजुळता असल्यामुळे, तो पुरेसा पडला की काळोखी आणि हिरवेपणा दोन्ही एकदमच हटतात.

त्यानंतर फ्लॅश बंद ठेवून केवळ उन्हाचा हिशेब करावा. आयएसओ १००, एफ/२.८, आणि शटरचा वेग असा, की फळांचा नारिंगी रंग आणि आभाळाची निळाई उडून जाणार नाही. बहुधा १/३२०० किंवा १/४००० जमेल. या वेळी चेहरा काळा दिसेल, त्याची चिंता करू नये. मग फ्लॅश आणि ट्रिगर दोहोंवर हाय-स्पीड सिंक चालू आहे याची खातरजमा करावी. काही कॅमेऱ्यांत ही सोय फ्लॅशच्या बटणावर, तर काहींत कॅमेऱ्याच्याच मेन्यूत दडलेली असते. कॅमेऱ्याचे पूर्ण इलेक्ट्रॉनिक शटर बंद ठेवावे, आणि पहिला पडदा इलेक्ट्रॉनिक, दुसरा यांत्रिक अशी मिश्र रीत असेल तर तीही सोडून दोन्ही पडदे यांत्रिक ठेवावेत. कारण मोठे ॲपर्चर व अतिवेग एकत्र आल्यास त्या मिश्र रीतीत पार्श्वभूमीतील उजेडाची वर्तुळे एका बाजूने छाटल्यासारखी उमटतात.

फ्लॅश कॅमेऱ्याच्या डोक्यावर न ठेवता सहायकाच्या हाती द्यावा, आणि त्याने तो चेहऱ्याच्या एका अंगास, डोळ्यांच्या पातळीहून हातभर उंच धरावा. उघडा फ्लॅश कठोर दिसतो म्हणून लहान सॉफ्टबॉक्स लावावा. सॉफ्टबॉक्सने एक स्टॉप खाल्ला असे धरले, आणि चेहरा उन्हाच्या मानाने एक स्टॉप मंद ठेवला (पाठमोऱ्या उन्हात तो तसाच स्वाभाविक वाटतो), तर दोन्ही रकमा एकमेकींत वळत्या होऊन अंतर पुन्हा १.८ मीटरच येते. फ्लॅश मॅन्युअलवर पूर्ण शक्तीवर ठेवून पहिला फोटो घ्यावा, चेहरा पाहावा, आणि उजेड कमीअधिक करण्यासाठी बटणांपूर्वी पायांचा उपयोग करावा. अंतर निम्मे केले की उजेड चौपट, म्हणजे दोन स्टॉपांनी वाढतो, आणि हा लाभ कोणत्याही महागड्या साधनाहून मोठा आहे. सॉफ्टबॉक्सची कड चौकटीत डोकावेल इतका तो जवळ आणून, ती दिसेनाशी होईपर्यंतच मागे न्यावा.

फोटो पडद्यावर मोठा करून तीन गोष्टी तपासाव्यात. डोळ्यांच्या बाहुल्यांत फ्लॅशचा ठिपका वरच्या अंगास आहे की नाही. तो खाली आला असेल तर सहायकाचा हात खाली ओघळला आहे असे समजावे. नथीच्या मोत्यांवर आणि लुगड्याच्या जरीवर पांढरा डाग पडला आहे काय. पडला असल्यास शक्ती न घटविता फ्लॅश थोडा बाजूस सरकवावा, म्हणजे चमक लेन्सकडे न येता दुसरीकडे जाते. आणि फोकस जवळच्या डोळ्यावर आहे काय, कारण एफ/२.८ वर वाऱ्याने मान जराशी हलली तरी पापण्या स्पष्ट आणि बुबुळ धूसर असा प्रमाद घडतो.

मे महिन्यातील मांडव

बागेतील ही रीत मे महिन्यातील लग्नाच्या दुपारी जशीच्या तशी चालत नाही, कारण सूर्य डोक्यावर असता पाठ कोणीकडेही केली तरी तो पाठीशी येत नाही. तेव्हाचा खरा इलाज म्हणजे माणसास सावलीत नेणे. लिंबाच्या झाडाखाली किंवा मांडवाच्या छपरीच्या कडेला, उघड्या आभाळाकडे तोंड करून जोडप्यास उभे करावे. अशा सावलीत उजेड उन्हाहून सुमारे तीन स्टॉप कमी असतो, म्हणजे एफ/२.८ वर १/४०० आणि एफ/४ वर १/२०० येतो. हा दुसरा आकडा लक्षात ठेवण्याजोगा आहे: पार्श्वभूमीही सावलीतच निवडली, तर एफ/४ वर साध्या सिंकनेच भागते, फ्लॅशची सारी शक्ती हाती राहते, आणि जकात भरण्याची पाळीच येत नाही. एका पावलाने पार्श्वभूमी बदलून जे साधते, ते दोन फ्लॅश वाढवूनही साधत नाही.

वरातीत अंतर क्षणोक्षणी बदलते, तेथे मॅन्युअलचा हट्ट न धरता कॅमेऱ्याच्या आपोआप मापनावर, म्हणजे टीटीएलवर भिस्त ठेवावी. मात्र मागे लख्ख ऊन असल्यास ते मापन फसण्याचा संभव असतो, म्हणून फ्लॅशचे कॉम्पेन्सेशन हाताशी असू द्यावे. नाचणाऱ्याचा हात गोठवणे हे काम येथे शटरचे आहे, फ्लॅशचे नव्हे. हाय-स्पीड सिंकमधील उजेड लखलखाटासारखा क्षणिक नसल्यामुळे गती थांबविण्याची त्याची जुनी शक्ती येथे उरत नाही.

इतर मार्ग

ज्यांचा फ्लॅश बेताचा आहे त्यांनी एनडी फिल्टरचा, म्हणजे लेन्सवर लावून उजेड घटविणाऱ्या करड्या काचेचा, विचार अवश्य करावा. चार स्टॉपांचा फिल्टर लावला, की उन्हातील एफ/२.८ चा वेग १/३२०० वरून १/२०० वर उतरतो आणि साधा सिंक चालू लागतो. वरील हिशेबात फ्लॅशचा पल्ला १.८ ऐवजी ३.६ मीटर राहतो. गैरसोय अशी, की आरशाच्या कॅमेऱ्यात चौकट अंधारून फोकस चाचपडू लागतो, आणि स्वस्त काचेने रंगात फरक पडतो. आरशाविना असलेल्या कॅमेऱ्यांत पहिली अडचण बरीचशी सुटते. फुजीफिल्मच्या एक्स १०० मालिकेतील कॅमेऱ्यांत जुन्या पद्धतीचे लेन्समधील शटर आजही आहे. सोनीने नोव्हेंबर २०२३ मध्ये जाहीर केलेल्या ए ९ ३ या कॅमेऱ्याचा सेन्सर संपूर्ण एकदम वाचला जात असल्यामुळे फटीचा प्रश्नच मुळातून मिटला आहे. परंतु त्याची किंमत पाहता, सामान्य व्यावसायिकाने तूर्त फिल्टरवरच समाधान मानलेले बरे. थर्मोकोलचा पांढरा तक्ता हा सर्वांत स्वस्त मदतनीस. हिवाळ्यातील तिरप्या उन्हात तो उत्तम काम देतो, पण मे महिन्याच्या दुपारी तोच उजेड हनुवटीखालून वर येतो आणि डोळे दिपवितो. नागपुरातील फुटाळा तलावाच्या काठी मावळतीला तर यांपैकी कशाचीच गरज नाही. सूर्य क्षितिजाशी टेकला की १/२०० वर एफ/२.८ आपोआपच हाती येतो, आणि तेव्हा हाय-स्पीड सिंक बंद करण्याचे विसरू नये.

उष्म्याचा बंदोबस्त

पारा ४५ अंशांच्या पुढे गेलेल्या नागपुरात साधनेही माणसांसारखीच थकतात. हाय-स्पीड सिंकमध्ये पूर्ण शक्तीने लागोपाठ फोटो घेतल्यास फ्लॅशचे डोके तापते, आणि ते जळू नये म्हणून आतली यंत्रणा पुढील लखलखाट लांबविते किंवा थोपविते. हा बिघाड नव्हे, संरक्षण होय. म्हणून एकाच फ्लॅशला पूर्ण शक्तीवर राबविण्यापेक्षा दोन फ्लॅश एकत्र बांधून निम्म्या शक्तीवर चालवावेत, फ्लॅश व बॅटऱ्या बंद मोटारीत ठेवू नयेत, आणि गरम बॅटरी थंड झाल्यावाचून चार्जरला लावू नये. दुपारच्या वावटळीत सॉफ्टबॉक्सचे शीड होते, तेव्हा स्टँडच्या पायाशी वाळूची पिशवी बांधावी, अथवा स्टँडच सोडून फ्लॅश सहायकाच्या हाती द्यावा.

माणसांची काळजी याहून मोठी. सारे आकडे सहायकास उभे करून ठरवावेत, आणि नवरा-नवरीस सर्व सिद्ध झाल्यावरच उन्हात बोलवावे. त्यांना डोळे मिटून उभे राहण्यास सांगून तीन म्हणताच उघडण्यास सांगितले, तर पहिल्या एक-दोन फोटोंत नजर मोकळी मिळते. सार्वजनिक उद्यानात स्टँड आणि छत्र्या उभारण्यापूर्वी परवानगी घ्यावी, नाहीतर सावली हलते तितक्या वेगाने पहारेकरीही हलतो.

शेवटी एक काम घरच्या घरी उरकून ठेवावे. संध्याकाळी, ऊन गेल्यावर, अंगणात किंवा गच्चीवर कोणास तरी उभे करून, आयएसओ १००, एफ/२.८, १/३२०० आणि हाय-स्पीड सिंक या मांडणीत, आपल्या नेहमीच्या सॉफ्टबॉक्ससह पूर्ण शक्तीवर, एक, दीड, दोन आणि अडीच मीटर अंतरांवरून एकेक फोटो घ्यावा; ज्या अंतरापर्यंत चेहरा नीट उजळतो ते अंतर नोंदवावे, आणि तीच चाचणी एफ/११ व १/२०० वर साध्या सिंकने पुन्हा करावी. कंपनीच्या पुस्तिकेतील गाइड नंबर बहुधा उघड्या, लांब झूमवर लावलेल्या डोक्याचा असतो. आपल्या कापडामागच्या फ्लॅशचा खरा पल्ला या दोन नोंदींतच कळतो. त्या दोन नोंदी कागदावर लिहून फ्लॅशच्या पाठीस चिकटवाव्यात. लग्नाच्या दुपारी फ्लॅश कोठे धरायचा, फिल्टर लावायचा की सावलीत जायचे, हे त्या कागदाकडे पाहून अर्ध्या मिनिटात ठरते, आणि उरलेला वेळ समोरच्या माणसाशी चार शब्द बोलण्यास मोकळा राहतो.